फोन काढून घेण्याआधी: किशोरवयीन मुलाच्या मनाची काळजी, टप्प्याटप्प्याने

मार्च महिन्यात माझ्या खोलीत येणारे वडील बहुतेकदा खुर्चीत टेकायच्या आधी मुलाचा मोबाइल टेबलावर ठेवतात. जप्त केलेला. "मॅडम, सगळं याच्यामुळे." मग हळूहळू कळतं की फोन काढून घेतल्याला तीन आठवडे झालेत, त्याआधी क्लास बदलून झालाय, नाशिकच्या मामांनी तासभर समजावून झालंय, आणि मुलगा आता ताटावर बसूनही तोंड उघडत नाही.

मी ठाण्यात शाळेत समुपदेशनाचं काम करते. घोडबंदरपासून ऐरोली-नेरुळपर्यंतचे पालक भेटतात. पोटच्या पोराचं वाईट कुणालाच नको असतं, पण क्रम चुकतो. जे शेवटी करायचं ते आधी होतं आणि पहिल्या दिवशी करायचं ते राहूनच जातं. मी पालकांना जो क्रम कागदावर लिहून देते, तोच इथे जरा सविस्तर मांडते. साधारण १३ ते १८ वयाची मुलं-मुली डोळ्यांसमोर आहेत. टप्पे गाळू नका. शून्य क्रमांकाचा टप्पा मात्र घरात काहीही बिघडलेलं नसलं तरी आजच वाचून ठेवा.

टप्पा ०: थांबायला वेळ आहे का?

पुढचं एक जरी दिसत असेल, तर निरीक्षण, वही, गप्पा सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

- "मी नसलो तर तुमची कटकट जाईल" अशा धर्तीची वाक्यं, मग ती हसत का म्हटलेली असेनात
- आवडत्या वस्तू वाटून टाकणं, मित्रांना निरोपासारखे मेसेज
- हातावर, मांडीवर कापल्याच्या खुणा. भर मे महिन्यात लांब बाह्या
- कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळतीवर आहे अशी पक्की खात्री
- दोन-तीन रात्री जवळजवळ झोप नाही, तरी अंगात भलता उत्साह आणि न थांबणारी बडबड
- खाणंपिणं जवळपास बंद

यातल्या पहिल्या तीनपैकी एक जरी खूण दिसली तर सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" आडवळणाने नको. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळपास प्रत्येक आईबापाला असते. तसं होत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मूल पहिल्यांदा श्वास सोडतं.

उत्तर "हो" आलं तर ओरडू नका आणि "माझ्या गळ्याची शपथ घे" हे तर अजिबात नको. "सांगितलंस ते बरं केलंस. आता हे एकट्याने सांभाळायचं नाही," एवढं बोला आणि पुढची कामं त्याच तासात करा. मुलाला एकटं सोडायचं नाही. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसकट घरातली सगळी औषधं, उंदीर मारायचं औषध, साफसफाईची रसायनं कुलपात किंवा सरळ शेजाऱ्यांकडे ठेवा. टॉवरमध्ये राहत असाल तर गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते वॉचमनला विचारून घ्या.

मग जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. ठाणे-कळव्याकडच्यांना छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, किंवा घराजवळ जे खासगी असेल ते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. मानसिक मदतीसाठीच्या सरकारी 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. पालकांनीही लावावा, मुलांनीही.

सावधान: मुलाने काही खाल्लं-प्यायलं असेल, तर "आता तर ठीक दिसतोय" म्हणून थांबू नका. काही विषांचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट, बाटली, जे असेल ते हातात घेऊन थेट रुग्णालय.

पोलिसांच्या भीतीने लोक तास-तास घालवतात. रुग्णालय मेडिको-लीगल नोंद करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं, जबाब घेतला जातो, ही कामाची पद्धत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५वं कलम असं मानून चालतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला त्यासाठी शिक्षा करायची नसते. मुलाला वाचवायला नेताना गुन्हेगारासारखं खाली बघायचं कारण नाही.

तपासा: १४४१६, १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे? आजोबांच्या साध्या फोनमध्येसुद्धा?

टप्पा १: दोन आठवडे बघा आणि लिहा

शून्याच्या टप्प्यातलं काही नसेल, तर तुमच्या हातात वेळ आहे. तो भाषणात घालवू नका. एक साधी वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा: झोप, जेवण, माणसं, आवडीची गोष्ट. किती वाजता झोपला-उठला. डबा खाल्ला का. कुणाशी बोलला. रोज जे आवडीने करायचा ते आज केलं का. मतं लिहायची नाहीत. "उद्धटपणा वाढलाय" हे मत झालं. "पाणी मागितलं तर दार आपटलं, मग अर्ध्या तासाने स्वतः येऊन बसला" ही नोंद झाली.

वहीने काय होतं ते एका आईच्या चार दिवसांवरून सांगते. मुलगा आठवीत, घर ऐरोलीला. तक्रार अशी की हल्ली खातच नाही, वाळत चाललाय. तिची वही अशी होती: "बुधवार, डबा अर्धा परत. गुरुवार, पोळी-भाजी तशीच, पोळीची घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणाला मित्राने वडापाव दिला. शुक्रवार, डबा पूर्ण परत. शनिवार सुटी, सकाळी थालीपीठं चार, दुपारी वरणभात दोनदा." आम्ही दोघी त्या पानाकडे बघत बसलो. भूक जागेवर होती, मधली सुट्टी जागेवर नव्हती. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर फिरत होते आणि तो रोज मधल्या सुट्टीची वीस मिनिटं स्वच्छतागृहात काढत होता. त्या माउलीने त्याआधी भुकेचं टॉनिक आणलं होतं.

नोंदी वाचताना तीन गोष्टी बघा. पहिली, बदल त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून मोजायचा. मुळात अबोल असलेलं पोर अबोल आहे, यात नवल नाही. दोन मिनिटं गप्प न बसणारी मुलगी आठवडाभर गप्प आहे, ही बातमी आहे. दुसरी, बदल जवळपास रोज आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय का. तिसरी, तो एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतोय का: घरी, शाळेत, मित्रांत. घरी तुसडा पण खाली सोसायटीत क्रिकेट जोरात, तर बहुधा भांडण तुमच्याशी आहे.

नैराश्य म्हणजे रडवेला चेहरा, ही मोठ्यांची कल्पना. या वयात ते बरेचदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. दर सोमवारी पोट दुखतं, डोकं धरतं, केस धुवायचा कंटाळा येतो. मार्कांवर विसंबू नका. मार्क फार उशिरा घसरतात, आणि काही मुलांचे तर घसरतच नाहीत. आतून पार ढासळलेल्या मुलीला ९४ टक्के पडलेले मी पाहिलेत, आणि घरात पेढे वाटले गेलेलेही.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे वयाच्या खुणांनाच आजार समजणं. दार लावून बसणं, आरशासमोर पाऊण तास, "हो", "नाही", "माहीत नाही" एवढ्या तीन शब्दांवर संसार, आईने लेकाचा हात धरून रस्ता ओलांडायला गेलं की हात काढून घेणं. हे होणारच. भावना उसळवणारे मेंदूचे भाग लवकर जोरात येतात आणि लगाम घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. गाडी आली, ब्रेक अजून गॅरेजमध्ये आहेत.

सावधान: डायरी वाचू नका, चॅट उघडू नका. जिवाचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जे कळेल त्याहून जास्त गमवाल. आणि वही मुलाला सापडेल असं धरूनच लिहा, सापडली तर वाचून त्याच्या मनाला लागेल असं काही त्यात नको.

टप्पा २: आधी शरीर

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. फॅमिली डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासायचं का, ते विचारा. मुलींच्या बाबतीत पाळीचं वेळापत्रक सांगा. रक्त कमी असलेली मुलगी थकलेली, चिडकी आणि "अभ्यासात लक्ष नाही" अशीच दिसते. डॉक्टरांना मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट) यांची उत्तरं आईसमोर येत नसतात.

मग झोप. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना झोपेचं घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे दहा वाजता त्याला झोप येत नाही हा केवळ हट्ट नसतो. आता आपल्याकडचा हिशेब मांडा. क्लास सुटतो साडेआठला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी यायला सव्वानऊ, जेवण, गृहपाठ, थोडा मोबाइल, साडेबारा. स्कूल बस सहा वाजून दहा मिनिटांनी. पाच-सव्वापाच तास झाले. एवढ्या झोपेवर माझाही स्वभाव महिन्याभरात बिघडेल.

सुधारायचा क्रम असा:

१. उठायची वेळ पक्की करा. रविवारी फार तर तासभर सवलत. झोपायची वेळ आपोआप मागे येत जाते. उलट क्रमाने कधीच जमत नाही.
२. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद.
३. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे. बाबांचासुद्धा.

फोनची पाळी इथे येते, आणि तीही घराचा नियम म्हणून. शिक्षा म्हणून काढून घेतलेला फोन मुलाचा शेवटचा मित्रही काढून घेतो, आणि पुढच्या वेळी काही वाईट घडलं की ते तुम्हाला सांगायचं नाही हे पोर शिकतं. एकेका आठवड्यात एकच बदल करा. तीन एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि चौथ्या दिवशी तिन्ही मोडतील.

तपासा: तीन आठवडे बरी झोप आणि रक्ताचे अहवाल हातात आल्यावर वहीतल्या नोंदी सुधारल्या का? सुधारल्या तर इथेच थांबून बघायला हरकत नाही. नोंदी बिघडत चालल्या असतील तर तीन आठवडे पुरे व्हायची वाट न बघता पुढे सरका.

टप्पा ३: बोलणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माझी स्वतःचीही झाली आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचं शांतपणे ऐकून घरी यायचे आणि माझ्या लेकीचा उतरलेला चेहरा बघून म्हणायचे, "आता तुला काय झालं?" त्या "आता"मध्ये सगळं आलं. तिने वर्षभर मला काही सांगितलं नाही. जे सांगितलं ते मावशीला.

*जागा.* समोरासमोर बसवू नका. ती चौकशी होते. शेजारी शेजारी असताना मुलं बोलतात: भांडी पुसताना, गाडीत, चालताना. आपल्याकडची घरं वन-बीएचके, त्यात आजी हॉलमध्ये मालिका बघतेय, म्हणजे घरात एकांत नाहीच. तेव्हा बाहेर पडा. तलावपाळीला एक फेरी, उपवन, वाशीचं सागर विहार, नेरुळकरांना 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'चा ट्रॅक. जवळचं काहीही चालेल. फक्त "चल, तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" म्हणून नेऊ नका, नाहीतर ते पोर लिफ्टमध्येच कवाडं लावून घेईल.

*पहिलं वाक्य.* जे पाहिलंत ते सांगा आणि गप्प बसा. "गेले दोन आठवडे तू गिटार काढलेली नाहीस. मला काळजी वाटतेय." पूर्णविराम. मग दहा सेकंद काहीही बोलायचं नाही. ते दहा सेकंद फार जड जातात. मी पालकांना मनात आकडे मोजायला सांगते.

*काय म्हणू नये.* "तुला कशाची कमी आहे?" "आम्ही तर चाळीत सहाजण एका खोलीत..." "त्या समोरच्यांचा बघ." "एवढंच ना?" आणि "का?" वारंवार नको. "का केलंस" म्हटलं की मूल आरोपी होतं. "मग काय झालं?" म्हटलं की गोष्ट पुढे जाते.

*उपाय सुचवू नका.* पहिल्या खेपेला एकही नको. मुलाने सांगितलं की मित्राने ग्रुपमधून काढलं, की लगेच बाबा म्हणतात, "दुसरे मित्र कर." त्याला अठरा वाक्यं सांगायची होती, हे दुसऱ्या वाक्यावर आलं. त्याऐवजी, "अरेरे. म्हणजे मधल्या सुट्टीत तू एकटाच?" एवढं विचारा.

*"काही नाही" म्हणाला तर?* बहुतेक तसंच म्हणणार. "बरं. मी पुन्हा विचारीन, चालेल ना?" म्हणा आणि खरंच दोन दिवसांनी विचारा. चौथ्या-पाचव्या वेळी उत्तर येतं. तुमच्याशी नाहीच बोललं, तर घरातलं कोण चालेल ते त्यालाच विचारा. आत्या, मोठी चुलत बहीण, पूर्वीचे क्लासचे सर. अहंकार गुंडाळून ठेवा. आणि त्या माणसाला नंतर खोदून विचारू नका.

सावधान: "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल, बाकी तुझं माझ्याजवळ राहील," असं म्हणा. मुलाने लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, तपशील उकरू नका. २०१२च्या पोक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाबाबत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या चाइल्डलाइनवर पुढची वाट विचारता येते.

आजीचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." वाद घालू नका. तिला एक काम द्या: संध्याकाळी नातवाला गरम काहीतरी करून द्यायचं आणि अभ्यासाचं नाव काढायचं नाही. आज्या हे काम फार छान करतात.

टप्पा ४: कुणाकडे जायचं

दोन आठवडे लिहून, शरीर तपासून, चार-पाच वेळा बोलूनही नोंदी तशाच असतील, किंवा शाळा, जेवण, झोप यांतलं एखादं पार कोलमडलं असेल, तर तज्ज्ञ. मूल स्वतः "मला कुणाशी तरी बोलायचंय" म्हणालं, तर मधले सगळे टप्पे सोडून लगेच.

इथे पाट्यांचा गोंधळ आहे. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. पुढे येणाऱ्या दोघांना औषध लिहून देता येत नाही, यांना येतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यांना विचारा, विचारण्यात गैर काही नाही. समुपदेशक ताण, अभ्यास, नातेसंबंध यांवर बोलून मदत करतात, पण "समुपदेशक" ही पाटी आठ दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो. शिक्षण आणि अनुभव विचारून घ्या. पंधरा मिनिटांत हस्ताक्षर बघून स्वभाव सांगणाऱ्यांकडे आणि बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणाऱ्यांकडे पैसे घालवू नका.

ठिकाणं. सरकारी दरात कळवा आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९०पासून याच कामात आहे. आणि १९०१ सालचं ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. हे नाव काढलं की समोरचे कसनुसे हसतात. अख्ख्या महाराष्ट्राने "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद केला, आणि त्याचा भुर्दंड आम्ही ठाणेकर भरतो. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषध घेऊन घरी यायचं. आत ठेवून घेतील ही भीती मनातून काढा.

नाव मोठं म्हणून लांबचं ठिकाण धरू नका. ही आठ-दहा भेटींची गोष्ट असते. नेरुळहून दादरला दर शनिवारी कोण नेणार? तिसऱ्या शनिवारी लोकलचा खोळंबा, चौथ्या शनिवारी पाहुणे, संपलं. ट्रान्स-हार्बर लोकलवर तीन स्टेशनांच्या आत किंवा रिक्षाच्या टप्प्यात असेल असं बघा, क्लासच्या वेळेवर न आदळणारी वेळ घ्या.

मुलाला सांगायचं ते खरं सांगा. "दाताच्या डॉक्टरकडे जाऊ" म्हणून नेलेली मुलगी माझ्यासमोर पाऊण तास भिंतीकडे बघत बसली होती. आणि "सुधारला नाहीस तर मानसोपचारवाल्याकडे नेईन" ही धमकी घरात एकदा जरी दिलेली असेल, तर आधी तिची माफी मागा. "तुला झोप लागत नाही, आम्हाला समजत नाही काय करायचं, म्हणून ज्यांना समजतं त्यांच्याकडे जाऊ. दोनदा जाऊन बघ. नाही पटलं तर दुसरं कुणी शोधू."

पहिल्या भेटीला न्यायचं: वही, रक्ताचे अहवाल, चालू औषधं, आणि घरात कुणाला मानसिक आजार, व्यसन किंवा आत्महत्येचा इतिहास असेल तर त्याची माहिती. काकांबद्दल घरात कधी बोललं जात नाही, ठीक आहे. डॉक्टरांना मात्र सांगा. मग बाहेर जाऊन बसा.

तपासा: डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलायला वेळ दिला? निदान आणि पुढचा बेत मुलाला समजेल असा सांगितला? दोन्हीला "नाही" असेल तर दुसरीकडे जायला संकोचू नका.

टप्पा ५: उपचार सुरू झाल्यावर

प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. पुष्कळ मुलं बोलण्याच्या उपचारांवर सावरतात. दिल्या असतील, तर नैराश्याच्या औषधांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थता यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. त्यामुळे आठव्या दिवशी "उपयोग नाही, उलट त्रास" म्हणून गोळी बंद होते. असं करू नका, डॉक्टरांना फोन करा.

या वयात औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं असतं, कारण काही मुलांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. टप्पा ० पुन्हा काढून वाचा. गोळ्यांची पट्टी आईबाबांकडे राहील, रोजची गोळी रोज. बरं वाटू लागलं की गोळी बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. थांबवायची तीही डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळ्यांचं शास्त्र वेगळं, त्या स्वतःहून आणून देऊ नका.

भेटीहून परतताना रिक्षात "काय म्हणाल्या मॅडम? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" हे विचारायचं नाही. "भेळ खायची?" हे विचारायचं.

विम्याबद्दल एक ओळ: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं असं कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च देत नाहीत. आपली पॉलिसी वाचून घ्या.

टप्पा ६: शाळा आणि क्लास

शाळेत सगळी कहाणी सांगायची गरज नाही. आधी वर्गशिक्षक, मग समुपदेशक, लागलंच तर मुख्याध्यापक, आणि प्रत्येक वेळी नेमकी मागणी. "सांभाळून घ्या हो" याने काही होत नाही. "पुढचा महिनाभर तोंडी परीक्षा वर्गासमोर नको", "गुरुवारी शेवटचे दोन तास सुटका हवी", "बाक बदलून द्या" अशी मागणी मान्य होते. काय सांगायचं आणि कुणाला, ते मुलाला विचारून ठरवा. डॉक्टरांचं पत्र जोडा, एक प्रत आपल्याकडे ठेवा.

अभ्यासावरून वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या, मग खचलेल्या मुलात अध्ययन अक्षमता निघाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. वाचताना अक्षरं अडखळतात, तोंडी सगळं येतं, लिहायला बसला की पान कोरं. दहावी-बारावीच्या बोर्डात अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी ठरावीक सरकारी केंद्रांचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन रुग्णालयात अशी तपासणी होते. त्याला महिने लागतात. आठवीत किंवा नववीत सुरू करा. दहावीच्या जानेवारीत येणाऱ्या पालकांना मी फक्त पाणी देऊ शकते.

परीक्षेची भीती असेल तर पुढच्या वाटा मुलाला आधीच कागदावर दाखवा. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते, खासगीरीत्या बसायला १७ नंबरचा अर्ज आहे. हे निकालाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, त्या दिवशी कानात काही शिरत नाही. सप्टेंबरमध्ये सांगा. मुलाचा निकाल ऑनलाइन लागतो त्या दुपारी त्याला घरात एकटं ठेवू नका.

टप्पा ७: घरातलं रोजचं

इथे फार सांगण्यासारखं नाही. दिवसातलं एक जेवण एकत्र, टीव्ही बंद, मार्कांचा विषय बंद. रोज तासभर अंग हलेल असं काहीही. मैदान नाही तर जिना. नवराबायकोची भांडणं मिटत नसतील तर निदान मुलाला पंच करू नका. तुमची स्वतःची झोप, दारू, रक्तदाब हेही याच यादीत. आई स्वतः गोळ्या घेत असेल तर लपवू नये असं माझं मत आहे.

टप्पा ८: पुन्हा घसरलं तर

मूल सावरलं की पालक वही माळ्यावर टाकतात. सावरल्यानंतर महिन्याभराने, चांगल्या दिवशी, मुलालाच एक कागद लिहायला सांगा. तीन प्रश्न: बिघडायला लागतं तेव्हा सगळ्यात आधी काय बदलतं? तेव्हा घरच्यांनी काय करावं? काय करू नये? हस्ताक्षर त्याचं, शब्द त्याचे. तुम्ही शुद्धलेखनही सुधारायचं नाही.

कोपरखैरण्याच्या एका अकरावीतल्या मुलीने लिहिलेला कागद तिच्या परवानगीने सांगते. "१. मी केसांना तेल लावायचं बंद करते आणि आंघोळ रात्रीवर ढकलते. २. आईने विचारावं, पण एकदाच. मग माझ्या खोलीत येऊन तिचं काम करत बसावं. ३. पप्पांनी प्रेरणादायी व्हिडिओ पाठवू नयेत." तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पप्पांनी दोनदा पाठवले, तिने तिसऱ्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली. जुलैत पहिली ओळ पुन्हा खरी ठरली, तेव्हा आईने त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.